वारा मोफत, डोकं आपलं!

चहात साखर ढवळताना कपात भोवरा उठतो ना, त्याचं गणित १९व्या शतकातच मांडून झालंय. नाविए आणि स्टोक्स या दोघांची समीकरणं. लोचा एवढाच, की खऱ्याखुऱ्या भोवऱ्यासाठी ती कागदावर सुटत नाहीत! मग कॉम्प्युटरला जुंपायचं. गाडीवरून जाणारा वारा असो की पाइपातलं पाणी, त्या जागेचे लाखो बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येकातला वेग, दाब काढायचा. हेच सीएफडी.

यातली नामवंत सॉफ्टवेअर्स महागडी. त्यात कॉम्प्युटरचे जितके जास्त कोअर वापराल, तितकं लायसन्सचं बिल सहसा चढतं. म्हणजे सुपरकॉम्प्युटर मिळाला तरी रिक्षाचं मीटर चालूच!

इथे एन्ट्री होते ओपनफोमची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हेन्री वेलर यांनी या कामाला सुरुवात केली. काही वर्षं ते विकलं गेलं आणि डिसेंबर २००४मध्ये जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुलं झालं. आता कोअर चार वापरा की चार हजार, लायसन्सची फी शून्य. कामाची वाटणी चाळीसारखी. जागेचे तुकडे पाडून एकेका कोअरला एकेक खोली द्यायची. संसार ज्याचा त्याच्या खोलीत, शेजाऱ्याला फक्त सीमेवरचे आकडे कळवायचे.

मी लॅपटॉपवर त्यातला पहिलाच धडा चालवून पाहिला. १० सेंटिमीटरचा चौकोनी डबा, सेकंदाला १ मीटर वेगाने सरकणारं झाकण आणि आत ४०० कप्पे. बटणं-बिटणं काही नाहीत, सगळा कारभार टेक्स्ट फायलींत. काही क्षणांत पडद्यावर भोवरा हजर. मास कॉमवाल्यांनाही जमतं, बॉस!

पण गंमत इथेच संपते. कप्पे चुकीचे पाडले तरी चित्र तितकंच देखणं, रंगीत येतं. ते प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून पाहायचं काम माणसाचंच. फी वाचते, शिकण्याचे महिने वाचत नाहीत. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. तिथे विद्यार्थ्यांकडून ओपनफोमवर केस स्टडी करून घेतात.

उद्या भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपला पंख्याचं पातं साचा बनवण्याआधीच तपासायचं असेल, तर लायसन्सचे पैसे नाहीत ही सबब उरलेली नाही. ते तपासणारं माणूस मात्र हवं. करिअरचा विचार करताय? मग ही जागा रिकामी आहे.