आधी नातं सांग, मग उत्तर

सकाळी ६.००

जानेवारीत नागपूरला या वेळी अंधारच असतो. चहा गाळून झाला की गाळणी धुते आणि शाळेच्या पिशवीत टाकते. मागोमाग पिठाची चाळणी, किसणी, अडकित्ता आणि शेवटी सूप.

"आज पुन्हा अर्धं घर शाळेत नेऊन राहिली का?" सासूबाई विचारतात.

"आई, फक्त आजचा दिवस."

"सूप संध्याकाळी परत पाहिजे. तांदूळ पाखडायचे आहेत."

शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीवर आली आहे. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा पाचवी आणि आठवीला आली, तेव्हापासून तिचा जादा तास माझ्याकडे आहे. दुसऱ्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न असतात. त्यातले ५० बुद्धिमत्ता चाचणीचे, आणि त्यातच समसंबंध येतो. 'लेखणी : लिहिणे :: कुदळ : ?' अशी त्याची रीत. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही, म्हणून मुलं पाठ करायला धावतात. नातं पाठ होत नाही, ते दिसावं लागतं. म्हणून ही पिशवी.

सकाळी ९.३०

जादा तासाला चौदा मुलं. फळ्यावर लिहिते, 'चाळणी : कोंडा :: सूप : ?'

"कोंडा!" सगळे एका सुरात. कोणी म्हणतं फोलपटं. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. वर्तमानपत्र पसरते, चाळणीत कणीक ओतते. पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. मग सूप पुढे करते आणि विचारते, "पाखडता कोणाला येतं?"

कोपऱ्यातली, कधी फारसं न बोलणारी एक मुलगी उठते. सूप छातीशी धरून दोन झटके देते. मनगट नेमकं कुठे वळवायचं ते तिला कोणी वर्गात शिकवलेलं नाही. फोलपटं पुढे उडतात, दाणे मागे सरकतात.

"मॅडम, हे उलटं आहे," ती म्हणते. "चाळणीत नको ते राहते. सुपात पाहिजे ते राहते."

वर्ग गप्प होतो. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. 'चाळणी कोंडा वेगळा काढते.' 'चाळणी कोंडा धरून ठेवते.' पहिलं वाक्य धरलं तर सुपासमोर फोलपटं येतात, दुसरं धरलं तर दाणे. शब्द तेच, वस्तू त्याच, क्रियापद बदललं की उत्तर बदललं. म्हणून आमच्या वर्गाचा एकच नियम आहे, आधी नातं पूर्ण वाक्यात सांगायचं, मग पर्यायांकडे बघायचं. परीक्षेत पर्याय दिलेलेच असतात आणि चारही हाका मारत असतात. वाक्य हातात असलं की त्यांतला आपला कोणता ते ओळखू येतं.

सकाळी ११.१५

मराठीचा तास. इथे आपली भाषाच मदतीला येते. वस्तूचं काम तिच्या नावातच बसलेलं असतं. चाळते ती चाळणी, गाळते ती गाळणी, किसते ती किसणी, लाटतं ते लाटणं. मुलं फळा भरून टाकतात. झाकण, पुसणं, फुंकणी.

"पेरणी!" मागून एक आवाज.

"पेरणी हातात धरता येते का?"

तो विचार करतो. "नाही. ते काम आहे. धरतात ती तिफण."

पेरणी, मळणी, मोजणी यांची शेपटी तीच, पण ती कामाची नावं. हा फरक त्याला चुकून सापडला, म्हणून तो आता विसरणार नाही. मग मी उलटा प्रश्न टाकते. ज्यांच्या नावात काम दिसत नाही अशा वस्तू कोणत्या? विळी, रवी, सूप, सराटा. त्यांचं काम नावावरून कळत नाही. त्यांना हातात घ्यावं लागतं, नाहीतर घेणाऱ्याकडे बघावं लागतं.

दुपारी १.३०

खिचडीची सुट्टी. वाढणाऱ्या ताईंच्या मागे टांगलेल्या झाऱ्याकडे एक जण बोट दाखवतो. "मॅडम, झारा म्हणजे दांड्याची गाळणीच. पण भजे आपल्याला पाहिजे असतात. म्हणून तो सुपासारखा." सकाळचं वाक्य त्याच्या डोक्यात अजून चालूच आहे. मी त्याला ताटभर शाबासकी देते.

दुपारी २.३०

काल एकाला सांगितलं होतं, आजोबांची वस्तू आण. त्याचे आजोबा गोळीबार चौकाकडे हातमागावर बसायचे. त्याने रुमालात गुंडाळून धोटा आणला आहे. नावेच्या आकाराचं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, मधल्या खाचेत सुताची कांडी. वर्गातल्या बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नाही. याच शहरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मोहल्लेच्या मोहल्ले सुतावर जगले. आणि आज धोटा ओळखायला एक तास द्यावा लागतो.

मी नाव सांगत नाही. बाकावर उभे दोरे ताणते आणि धोटा आडवा सरकवायला देते. तो दोऱ्यांमधून जातो आणि मागे सूत सोडत जातो.

"हा दोरा घेऊन जातो," एक मुलगी म्हणते. थोडं थांबून, "सुईसारखा."

'सुई : शिवणे :: धोटा : विणणे.' हे उदाहरण माझ्या कुठल्याही सरावसंचात नव्हतं. सुई धातूची, बोटाएवढी. धोटा लाकडी, वीतभर लांब. दिसण्यात काहीच सारखं नाही, कामात सगळं सारखं. दिसण्यापलीकडे जाऊन कामाशी पोचणं, समसंबंधात शिकायचं ते एवढंच.

इथून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला आणि टकळी वर्गात आली. अशा तासाला तो विचार मला अगदी जवळचा वाटतो. वस्तू हातात आली की मुलाच्या तोंडी क्रियापद आपोआप येतं.

दुपारी ४.००

सराव चाचणी. 'छत्री : पाऊस :: स्वेटर : ?' पर्याय लोकर, थंडी, हिवाळा, दुकान. तिघांनी हिवाळा रंगवला आहे.

"का बरं?"

"छत्री पावसात निघते. स्वेटर हिवाळ्यात निघतो."

वाक्य खरं आहे. काही वर्षांपूर्वी मी अशा उत्तरावर लाल फुली मारून पुढे गेले होते. त्या मुलाने नंतर हात वर करणंच सोडलं. ती फुली मला आजही टोचते. आता मी विचारते, "छत्री पावसाचं काय करते?"

"आपल्याला पावसापासून वाचवते."

"मग स्वेटर?"

"थंडीपासून!"

त्यांचं नातं चुकीचं नव्हतं, सैल होतं. ते वस्तू कधी निघते ते सांगत होतं, वस्तू काय करते ते सांगत नव्हतं.

मग वर्गीकरण. 'विळा, खुरपं, कोयता, गवत, वेगळं कोण?' एकजण हटून बसतो, "गवत काढलं तर विळा कापेल काय?" त्याच पेपरात समसंबंधाला विळा आणि गवत जोडीने लागतात आणि वर्गीकरणाला त्यांची ताटातूट करावी लागते. एका ठिकाणी वस्तू काय करते ते बघायचं, दुसऱ्या ठिकाणी वस्तू कोण आहे ते. मुलांचा गोंधळ होतो तो इथे, आणि तो बुद्धी कमी असल्याने होत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून हेच विचारलं होतं. निरक्षर शेतकरी ओंडका वगळायला तयार होईनात. ओंडकाच नसेल तर करवतीचं काम काय? माझा हा विद्यार्थी त्यांचाच भाऊबंद. मी त्याला सांगते, "तुझा विचार खरा आहे. फक्त प्रश्न कोणता विचारून राहिले, ते आधी बघ."

रात्री ९.३०

सूप जागेवर गेलं, तांदूळ पाखडून झाले. आता गृहपाठाच्या वह्या. घरातल्या वस्तूंवर स्वतःचे प्रश्न तयार करायचे होते. एकीने लिहिलंय, 'छत्री : पाऊस :: खिशातला कांदा : ऊन.' आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढलेलं लेकरूच हे लिहू शकतं. कांद्याने ऊन लागायचं थांबतं का, हे विज्ञानाच्या तासाला बघू. नातं तिने अचूक धरलंय.

शेवटची वही सूप पाखडणाऱ्या मुलीची. 'रवी दही घुसळते. जातं धान्य दळतं. ____ कापूस आणि सरकी वेगळी करतो.' वस्तूचं नाव तिला माहीत नाही, जागा रिकामी आहे. वाक्य मात्र पूर्ण आहे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत फक्त गोल रंगवायचे असतात, वाक्याला जागा नसते. माझ्याकडे आहे. मी त्या वाक्यावर बरोबरची खूण करते आणि रिकाम्या जागेखाली लिहिते, 'रेचा. उद्या वर्गाला तू सांग.'