सर्फबोर्डचा आकार आणि लाटेचा वेग

पावसाळा सरला की गोव्यातील आश्वे, हरमल या किनाऱ्यांवरच्या लाटा बहुधा लहान आणि संथ असतात. तिथे व्हिडिओत पाहिलेला सहा फुटी टोकदार बोर्ड घेऊन उतरलेला नवखा नुसते हात मारत राहतो. लाट खालून निघून जाते. असे का होते, ते झाशीत बसूनही वहीत मांडता येते.

उथळ पाण्यातील लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. लाटेची उंची खोलीच्या साधारण ०.८ पट झाली की ती फुटते. म्हणजे अर्ध्या मीटरची लाट सुमारे ०.६ मीटर खोलीवर फुटेल. तिचा वेग सेकंदाला जवळपास २.५ मीटर.

बोर्ड पाणी बाजूला सारत चालतो तोवर त्याचा सहज गाठता येणारा वेग (मीटर/सेकंद) पाण्यातील लांबीच्या (मीटर) वर्गमूळाच्या सुमारे १.२५ पट असतो. नऊ फुटी बोर्डसाठी तो २.१, सहा फुटीसाठी १.७. उरलेली तूट लाटेच्या उतारावरून भरून निघते, आणि लहान लाटेला उतारच कमी! म्हणून तिथे लांब, रुंद, जाड आणि तळाला सपाट बोर्ड घ्यावा.

उभ्या, वेगवान लाटेत मात्र हाच बोर्ड नाक पाण्यात खुपसतो. तिथे टोकाला वर वळलेला, आखूड बोर्ड लागतो. तो झटकन वळतो, पण वळताना घसरू नये म्हणून खाली पंख हवेत. १९८१ साली सायमन अँडरसनने तीन पंखांच्या बोर्डवर ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, आणि तीच रचना रूढ झाली.