थेरपी ‘सुटली’ म्हणण्यापूर्वी

दौंड ते पुणे रेल्वेने पाऊणशे किलोमीटर. वर्ष उलटलं तरी मूल बसत नाही, दोन वर्षांचं झालं तरी हाकेला वळून बघत नाही, म्हणून डॉक्टर पुण्याच्या थेरपी सेंटरची चिठ्ठी देतात आणि पाटस-केडगावकडची आई लेकराला कडेवर घेऊन डेमू पकडते. काही आठवड्यांत रजा संपतात, पैसे संपतात, घरचे कुरकुरू लागतात आणि फेऱ्या थांबतात. मग ‘थेरपी सुटली’ असं म्हणायचं. खरी थेरपी यंत्रं आणि मोठमोठे चेंडू असलेल्या सेंटरमध्येच होते, घरी जे चालतं ते नुसतं वेळ मारून नेणं, हा गैरसमज त्यामागे आहे. लहान मुलाच्या बाबतीत वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. सेंटरमधल्या तासात काय करायचं ते ठरतं. मूल शिकतं ते उरलेल्या दिवसांत, घरी.

हे परवडत नाही म्हणून केलेलं समाधान नव्हे. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि पाकिस्तान, झांबियातले संशोधक यांनी मिळून जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळांवर एक चाचणी केली. २०१३मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित कार्यकर्ती दर पंधरवड्याला घरी जाई, वयाप्रमाणे खेळ कसे घ्यायचे ते दाखवी आणि सराव घरचे करत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसा निवडलेला दुसरा गट होता. त्यालाही भेटी मिळत, पण त्यांत आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती असे. तीन वर्षांनी बौद्धिक विकासाच्या मोजणीत पहिल्या गटाची सरासरी १०२.६ भरली, दुसऱ्याची ९८. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. ‘मूल वाढतंच की, थेरपी नसती तरी शिकलं असतं’ या आक्षेपाचं उत्तरही त्यातच आहे: दोन्ही गटांतली मुलं वाढत होतीच, फरक वाढीपलीकडचा आहे. स्वमग्न मुलांसाठी गोव्यात ‘संगात’ या संस्थेने आणि रावळपिंडीत तिथल्या संशोधकांनी असाच प्रयोग केला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ मुलं होती आणि शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. आईवडील मुलाशी खेळतानाचं चित्रण त्यांनाच दाखवून, मुलाच्या कलाने कसं घ्यायचं ते सांगितलं जाई. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. पालक आणि मूल दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी घटला. एका उपायाने सगळंच सुधारतं असं म्हणणाऱ्यापासून म्हणूनच जपून राहावं.

दुसरा गैरसमज घरच्या थेरपीच्या स्वरूपाचा. तेल चोळून हातपाय ताणले, दिवसातून चारदा ओढाताण केली, की थेरपी झाली असं पुष्कळांना वाटतं. मालिश बाळाला सुखावते, तिला ना नाही. पण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर मर्यादा येणारी अवस्था, तिच्यावरच्या उपचारांचा २०१३मध्ये जो मोठा आढावा घेतला गेला, त्यात दुसऱ्याने करून दिलेल्या हालचालीपेक्षा मुलाने स्वतः, काही मिळवण्यासाठी केलेली हालचाल उपयोगी ठरली. मूल बसत नाही, तर त्याला पाटावर बसवायचं, मागून आधी बरगड्यांशी धरायचं आणि समोर, हात पोचेल न पोचेल अशी, मुरमुऱ्यांची वाटी ठेवायची. धड सावरू लागलं की हात कमरेवर आणायचे, मग मांड्यांवर, मग काढून घ्यायचे. एकेका टप्प्याला आठवडे लागतात, आणि बाहेरच्याला वाटतं की आई नुसती खेळवतेय. असं किती वेळ करावं? ऑस्ट्रेलियातल्या २००९च्या अभ्यासात थोड्या मोठ्या मुलांच्या पालकांनी महिन्यातून सरासरी सतरा-अठरा वेळा, दर वेळी सोळा-सतरा मिनिटं घरचा सराव घेतला. आठ आठवड्यांत फरक मोजता आला. दिवसभर मुलामागे लागण्याची गरज नाही. (आणि चाकांचा वॉकर नकोच, त्याने चालणं लवकर येत नाही, लांबतं. ढकलत न्यायचा जुना लाकडी पांगुळगाडा निराळा, त्यात मूल निदान स्वतःच्या पायांवर उभं असतं.)

वेगाबद्दलचा गोंधळ याहून त्रासदायक. शेजारचं पोर दहाव्या महिन्यात चाललं, आमचं का नाही? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत निरोगी मुलांची पाहणी केली, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरलेलं आढळलं, आणि शंभरातली चार मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून तर तितके आठवडे वजा करूनच मोजायचं असतं. पण याच आकड्यांवरून ‘बापही उशिरा चालला होता’ म्हणत बसणंही चूक, कारण पट्टा रुंद असला तरी त्याला शेवट आहे. शिवाय सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची शारीरिक हालचालींमधली प्रगती पहिल्या काही वर्षांत झपाट्याने होते आणि साधारण पाच वर्षांपर्यंत मंदावते. तीव्र स्वरूपात तर त्याहून आधी. काही मुलं घरच्यांनी सगळं करूनही चालणार नाहीत. त्याचा दोष आईच्या माथी मारण्याचं कारण नाही, आणि हाताने जेवणं, मान सावरून बघणं, हवं ते खुणेने मागणं ही प्रगती नव्हे असंही नाही.

आईवर आणखी एक ओझं, हा आक्षेप मात्र खरा आहे. ऊसतोडीवर किंवा कुरकुंभच्या कारखान्यात जाणाऱ्या आईला वेगळा ‘थेरपीचा तास’ सांगणं व्यर्थच. म्हणून व्यायाम आंघोळ, जेवण, कपडे यांतच बसवावा लागतो, आणि त्यात आजी, बाप, थोरली बहीण यांचा वाटा हवा. तज्ज्ञाशिवायही चालत नाही. ध्येय त्याने ठरवायचं, दर काही आठवड्यांनी बदलायचं. घरापासून तज्ज्ञापर्यंतची ही साखळी सरकारने कागदावर तरी उभी केली आहे. २०१८पासून आशाताई तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधराव्या महिन्यात घरी येणं अपेक्षित आहे. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करतं आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. दौंड-शिरूरच्या पालकांनी पथकाची तारीख सेविकेला विचारून ठेवावी. शंका असेल तर तारखेसाठीही थांबू नये, सरळ सरकारी दवाखान्यात दाखवावं. आणि पुण्याला गेलात, तर ‘घरी रोज काय करायचं ते माझ्याकडून एकदा करून घ्या’ असं सांगितल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका.