ठेव म्हणावे की ऋण?

आमच्या शेजारच्या वहिनी परवा तिसऱ्या प्रहरी कागदांची एक पिशवी घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांचे यजमान शाळेत माझे सहकारी होते. त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. पैशाचा सारा व्यवहार ते एकटे पाहत आणि, आपल्या घरांतून बहुधा घडते त्याप्रमाणे, पत्नीच्या कानी त्यातले अक्षरही घालीत नसत. पिशवीतून चार तऱ्हेचे कागद निघाले : बँकेतील मुदत ठेवीची पावती, एका वित्त-कंपनीतील ठेवीचे प्रमाणपत्र, दलालामार्फत घेतलेल्या समभागांचा उतारा, आणि एका पतसंस्थेचे पासबुक.

बँकेच्या पावतीची मुदत आठ दिवसांत संपत होती. वित्त-कंपनी व्याज अधिक देते, तेव्हा ती रक्कमही तिकडेच वळवावी, असा पुण्याच्या मुलाचा आग्रह. "गुरुजी," वहिनी म्हणाल्या, "व्याजाचे मला कळते. पण यांतले एखादे उद्या बुडाले, तर माझ्या हाती काय राहील तेवढे सांगा. मुलगा म्हणतो, बुडाल्यावर सगळे सारखेच."

मुलगा शिकलेला आहे, चांगल्या पगारावर आहे. परंतु त्याचे हे म्हणणे साफ चुकीचे आहे. आणि तशीच समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतून दिसते, म्हणून त्या दिवशी ओसरीवर जे बोलणे झाले ते येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. मनुस्मृतीत त्यांतले पहिले ऋणादान आणि लगेच दुसरे निक्षेप. दोहोंतही एकाचे द्रव्य दुसऱ्याच्या हाती जाते. मग पदे दोन कशाला? कारण असे की, ऋणात द्रव्याचे स्वामित्वच घेणाऱ्याकडे जाते. तो ते खर्चील, व्यापारात घालील, तिसऱ्यास देईल; त्याने परत करावयाचे ते तेवढे द्रव्य, तेच द्रव्य नव्हे. निक्षेपात वस्तू त्याच्या घरी, पण स्वामित्व आपलेच. याज्ञवल्क्याने उपनिधीचे प्रकरण निराळे काढून, पेटीत घालून आतील वस्तू न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेले द्रव्य जसेच्या तसे परत द्यावे, असा नियम सांगितला आहे. आणि राजाने, दैवाने वा चोराने ते नेले असता सांभाळणाऱ्याकडून भरून घेऊ नये, असाही. त्या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या राजधानीत, कल्याणीस लिहिली. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आमच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारचेच. तेव्हा हा भेद आपल्यास परका नाही. तो बुजला आमच्या बोलण्यात. कारण बँकेस दिलेल्या कर्जासही आम्ही 'ठेव' म्हणू लागलो.

पेढी चालू आहे तोवर या भेदावाचून कोणाचे काही अडत नाही. ती मोडली म्हणजे मात्र ज्याचे ऋण आहे त्याने इतर धनकोंबरोबर रांगेत उभे राहावयाचे, आणि ज्याचा निक्षेप आहे त्याने रांगेत न शिरता आपली वस्तू उचलून घरी जावयाचे. न्याय असा आहे. अडचण इतकीच की, कित्येकदा ऐन वेळी ती पेटीच सापडत नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी. तिला गुंतवणूक-बँक म्हणत. गुंतवणूक-बँक ही आपल्या पासबुकाची बँक नव्हे; इतरांचे रोखे व समभाग विकत घेऊन देणारी, सांभाळणारी, आणि शिवाय स्वतःच्या हिशेबी तोच व्यापार करणारी ती मोठी दुकानदारी असते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमनने दिवाळे जाहीर केले, आणि त्याच दिवशी तिची लंडनची शाखा-कंपनीही प्रशासकांच्या हाती गेली. तेथे गिऱ्हाइकांचे रोखे कोणते, पेढीचे कोणते, गिऱ्हाइकांचा म्हणून वेगळा काढावयाचा पैसा खरोखर वेगळा काढला होता की नाही, हे ठरविण्यात वर्षे लोटली. वाद इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथे २०१२ साली निकाल झाला. दरम्यान ब्रिटिश सरकारने शहाणे होऊन फेब्रुवारी २०११ मध्ये केवळ गुंतवणूक-बँकांसाठी दिवाळखोरीचे निराळे नियम केले. सामान्य दिवाळ्यात अधिकारी धनकोंकडे पाहतो. या नियमांनी त्याच्यापुढे तीन कर्तव्ये ठेविली : गिऱ्हाइकांची मालमत्ता शक्य तितक्या लवकर परत करणे, बाजाराच्या देवघेव-संस्थांशी व सरकारी अधिकाऱ्यांशी वेळीच सहकार्य करणे, आणि पेढी सावरणे अथवा धनकोंच्या हिताने तिचा व्यवहार आटोपणे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला एमएफ ग्लोबल या पेढीची लंडन-शाखा बसली, तेव्हा हे नियम प्रथम उपयोगात आले. निक्षेपाला ऋणापासून वेगळे काढण्याचे हे काम दोन हजार वर्षांनी लंडनास नव्याने करावे लागले, याची मला थोडी गंमत वाटते. पण आपल्याकडील हकीकत पाहिली म्हणजे हसू मावळते.

हैदराबाद आम्हां किनवट-इस्लापूरकडील लोकांस दूर नाही. १९४८ पर्यंत आमचा मुलूख त्याच दरबाराखाली होता. तेथील कार्वी ही दलालीची पेढी मोठी नावाजलेली. गिऱ्हाइकांनी आपल्या वतीने व्यवहार करण्यासाठी दिलेल्या मुखत्यारपत्राचा दुरुपयोग करून तिने त्यांचे समभाग आपल्याकडे वळविले व ते तारण देऊन बँकांकडून कर्जे काढली, असा ठपका ठेवून सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ रोजी तिच्यावर निर्बंध घातले. म्हणजे निक्षेपाचे रूपांतर परस्पर गहाणात झाले होते. पुढे डिसेंबरच्या आरंभी सुमारे त्र्याऐंशी हजार गिऱ्हाइकांचे समभाग त्यांच्या त्यांच्या खात्यांत परत घालण्यात आले, आणि ज्या बँकांनी ते तारण धरले होते त्या न्यायासाठी धावल्या. गिऱ्हाइकांस वस्तू मिळाली, ती निक्षेप होती म्हणून.

मी वहिनींचा उतारा पाहिला. समभाग दलालाच्या नावे नव्हते. डिपॉझिटरीत यजमानांच्या स्वतःच्या नावे होते, आणि नामनिर्देशन वहिनींचे होते. "हे तुमचे आहे," मी म्हणालो. "किंमत उतरेल, चढेल, तो भाग निराळा. पण दलाल बुडाला म्हणून हे बुडावयाचे नाही. कोणी मुखत्यारपत्रावर सही मागितली तर मात्र आधी मला दाखवा." पेन्सिलीने मी त्या कागदावर 'निक्षेप' असे लिहिले.

मग वित्त-कंपनीचे प्रमाणपत्र हाती घेतले. येथे मला मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सची हकीकत सांगावी लागली, कारण ती ठेवीदारांच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. घरांसाठी कर्जे देणारी ही कंपनी लोकांकडून मुदतीच्या ठेवी घेई. दिवाळखोरीचा आपला नवा कायदा २०१६ साली झाला, परंतु वित्तसंस्था त्यातून वगळलेल्या होत्या. कारण वित्तसंस्थेच्या दारी कोणीही एखादा धनको नादारीचा अर्ज घेऊन गेला, तर एका दिवसात सगळे ठेवीदार धावत सुटावयाचे. म्हणून मोठ्या वित्तसंस्थांसाठी १५ नोव्हेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले. अर्ज करण्याचा अधिकार फक्त नियामकास, म्हणजे येथे रिझर्व्ह बँकेस. अर्ज होताच सर्व वसुल्यांस तात्पुरती बंदी. कारभार नियामकाने सुचविलेल्या प्रशासकाकडे. आणि नवा मालक यावयाचा तर नियामकाची ना-हरकत अवश्य. या नियमांतील दहावा नियम मी दोनदा वाचला. संस्थेच्या ताब्यात असलेली परक्याची मालमत्ता, विश्वस्तपणे धरलेले पैसे व रोखे यांस ती वसुलीबंदी लागू नाही, असे तो सांगतो. विज्ञानेश्वराने वाचला असता तर मान डोलाविली असती.

नियम निघून पाच दिवस होतात तोच, २० नोव्हेंबरास, रिझर्व्ह बँकेने दिवाण हाउसिंगचे संचालक मंडळ दूर केले, आणि ३ डिसेंबर २०१९ रोजी मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले. मान्य झालेले दावे सुमारे सत्त्याऐंशी हजार कोटींचे. जून २०२१ मध्ये पिरामल समूहाची योजना मंजूर झाली. ती साधारण सवाचौतीस हजार कोटींची, आणि त्यातही मोठा भाग रोख नव्हे, पुढे फेडावयाच्या रोख्यांचा. आता ठेवीदारांचे काय झाले पाहा. त्यांनी पेटी ठेवली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने त्यांनी कंपनीस कर्ज दिले होते, तेही बिनतारणी. तारण घेतलेल्या बँका पुढे, हे मागे. ठेवीदारांच्या वर्गास मान्य दाव्याच्या एकंदर चौथ्या हिश्श्याहूनही थोडे कमी मिळाले. पैसे गेलेल्यांत निवृत्त माणसे किती असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण न्यायाधिकरणानेही योजना मंजूर करताना लहान ठेवीदारांचा पुन्हा विचार व्हावा असे सुचविले होते. धनकोंच्या समितीने मनावर घेतले नाही. योजना सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२५ मध्ये कायम झाली.

माझे मत विचाराल तर, नियम वाईट नाहीत. त्यांनी एक मोठी संस्था मोडून न पडता दुसऱ्या हाती गेली, कर्जदारांची घरे व नोकरांच्या नोकऱ्या बऱ्याच अंशी राहिल्या. परंतु 'ठेव' हा शब्द छापून ऋण घेण्याची परवानगी या कंपन्यांस आहे, तोवर छापील प्रमाणपत्रावर मोठ्या अक्षरांत 'हे बिनतारणी कर्ज आहे, यास विमा नाही' असे लिहिण्याची सक्ती असावी. नाहीतर वहिनींसारख्यांना कळावे कसे?

"मग बँकेची पावती?" त्यांनी विचारले. तीही ऋणच, पण त्या ऋणामागे विमा आहे, आणि त्याची कथा आपल्या वऱ्हाडाशी निगडित आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. त्या हाहाकारातून ठेवविम्याचा कायदा झाला व १ जानेवारी १९६२ पासून महामंडळ सुरू झाले. तेव्हा मर्यादा अवघी १५०० रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती, मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाख करण्यात आली. त्याला कारण बहुतांशी मुंबईची पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले तेव्हा प्रथम खात्यामागे हजार रुपयेच काढता येत होते. २०२२ च्या जानेवारीत ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्यास दहा वर्षांपर्यंतची वाट पाहणे आले. २०२१ च्या दुरुस्तीने आता निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे.

वहिनींची रक्कम व्याजासह पाच लाखांवर जात होती. "मग दोन बँकांत विभागते," त्या लगेच म्हणाल्या. हिशेब त्यांस माझ्यापेक्षा लवकर कळतो.

राहिले पासबुक. ते पाहून मी थोडा वेळ गप्प बसलो. सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेचा एक भाग मीही अशाच एका पतसंस्थेत ठेवला होता. चालक ओळखीचे, माझ्याच वर्गात बसलेले. संस्थेचे दार बंद झाले त्या दिवशी मी पोराबाळांस काही सांगितले नाही, पत्नीसही दोन महिने सांगितले नाही. म्हणजे ज्या दोषाबद्दल मी वर वहिनींच्या यजमानांस बोल लावला, तो माझ्याही अंगी आहे. पतसंस्थेच्या ठेवीस त्या महामंडळाचा विमा नाही. बँकांसाठी तो आहे, पतसंस्थांसाठी नाही. १९९९ च्या महाराष्ट्राच्या ठेवीदार-संरक्षण कायद्याने चालकांच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते, पण जप्ती, लिलाव आणि वाटप यांत माणसाचे आयुष्य सरते. माझे येणे अजून यावयाचे आहे.

वहिनींची संस्था चालू आहे आणि पैसे देते आहे. मी इतकेच म्हणालो की, देते आहे तोवर मागून घ्या. मुलास त्यांनी माझ्या देखत फोन केला. तो बराच वेळ बोलत होता. त्या 'हो, हो' म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, ते ठेव म्हणतात, पण ते कर्ज आहे. मी कोणाला बिनतारणी कर्ज देत नाही." आणि पिशवी आवरून, कॉफी न घेताच, संध्याकाळच्या दिव्याची वेळ झाली म्हणून उठल्या.