पाचशे जीबीची डिस्क, शंभर जीबीचा रूट

500 जीबीच्या डिस्कवर उबुंटू सर्व्हर टाकला, इन्स्टॉलरने सुचवलेला एलव्हीएमचा पर्याय तसाच ठेवला, आणि 'डीएफ -एच' मात्र रूटला जेमतेम 98 जीबी दाखवतंय. इन्स्टॉलरने जागा खाल्ली, असं समजून बरेच जण सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. त्याची काहीच गरज नसते. 'डीएफ' फक्त माउंट केलेल्या फाइलसिस्टिमचा हिशेब देतं. खालच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये किती शिल्लक आहे, हे ते सांगतच नाही. 'व्हीजीएस' चालवलं की व्हीफ्रीच्या रकान्यात साडेतीनशेहून अधिक जीबी मोकळे दिसतात. या इन्स्टॉलरचा नियमच तसा आहे: ग्रुप 200 जीबीहून मोठा असेल तर रूटला 100 जीबी, 20 ते 200 असेल तर निम्मी जागा, 10 ते 20 असेल तर 10 जीबी, त्याहून लहान असेल तरच सगळी. ही जागा रूटला जोडायला 'एलव्हीएक्सटेंड'ची एक ओळ पुरते, तीही मशीन चालू असताना. तिला '-आर' लावायला मात्र विसरू नये. नाहीतर व्हॉल्यूम वाढतो, आतली फाइलसिस्टिम जुन्याच मापाची राहते, आणि ईएक्सटी4 असेल तर 'रिसाइज2एफएस' वेगळं चालवेपर्यंत 'डीएफ'चा आकडा जागचा हलत नाही.

मग पहिल्यापासूनच सगळी जागा का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की वाढवणं सोपं आहे, कमी करणं नाही. ईएक्सटी4 लहान करायची तर ती आधी अनमाउंट करावी लागते. रूटच्या बाबतीत म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून बूट करणं आलं. एक्सएफएस तर लहान करण्याची व्यवहारात सोयच नाही, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये आवृत्ती 7 पासून तीच डीफॉल्ट आहे. उलट ग्रुपमध्ये जागा राखली असेल तर लॉग फुगू लागल्यावर त्यांच्यासाठी वेगळा व्हॉल्यूम काढता येतो, मोठ्या अपग्रेडआधी स्नॅपशॉट घेता येतो. साध्या स्नॅपशॉटला ग्रुपमध्येच मोकळी जागा लागते. एकाच कामासाठी उभारलेल्या व्हर्च्युअल मशीनला सगळी जागा देऊन टाकली तरी हरकत नाही, तिथे डिस्कच वाढवता येते. प्रत्यक्ष सर्व्हरवर मी तसं करणार नाही.

डिस्क खरोखरच अपुरी असेल तर 'पीव्हीक्रिएट' आणि 'व्हीजीएक्सटेंड'ने दुसरी डिस्क ग्रुपमध्ये घेता येते. पण दोन डिस्क जोडल्या म्हणजे डेटा सुरक्षित झाला, हा समज सगळ्यात महागात पडतो. साधा लीनिअर व्हॉल्यूम कसलीही प्रत ठेवत नाही. तो दोन डिस्कवर पसरला असेल तर कुठलीही एक गेली तरी अख्खी फाइलसिस्टिम हातची जाते, म्हणजे धोका वाढतोच. म्हणून 'एलव्हीक्रिएट'च्या ओळीत शेवटी डिस्कचं नाव द्यावं आणि होमचा व्हॉल्यूम पूर्णपणे नव्या डिस्कवरच ठेवावा. बॅकअप तरीही वेगळा हवाच.