तांब्याची जुनी जोडी आणि हैदराबादचा कोरडा खडक

दूरध्वनीच्या तांब्याच्या जोडीवरून डिजिटल सेवा द्यायची, तर एक्स्चेंजमधले कार्ड आणि घरातला मोडेम बसवायला फारसा वेळ लागत नाही. खरे काम त्याआधीचे असते. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड आणले तेव्हा काचीगुडा, सुलतान बाजार अशा हैदराबादच्या जुन्या वस्त्यांतल्या तारा मुळात बोलण्यासाठीच टाकलेल्या होत्या. बोलण्याला सुमारे ४ किलोहर्ट्झ पुरतात; एडीएसएल मात्र ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते. ‘आवाज स्वच्छ येतो, मग इंटरनेट का तुटते?’ या ग्राहकाच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

गंमत अशी, की आवाजासाठी केलेली सोयच इथे आड येते. लांबच्या लाइनवर बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जोडलेली लोडिंग कॉइल वरच्या लहरी अडवते, म्हणून ती काढावीच लागते. जुन्या जोडणीची लोंबती शाखा संकेत परतवते. तीही तोडावी लागते.

मग मोजमाप. दोन्ही टोकांची उपकरणे सोडवून, पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र जोडून वेटोळ्याचा रोध पाहतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेला किलोमीटरमागे साधारण १७५ ओहम, ०.४ मिलिमीटरला सुमारे २७५ ओहम. आकडा फार वाढलेला दिसला, तर कुठेतरी जॉइंट गंजलेला आहे असे समजावे. त्यानंतर दोन तारांमधले आणि प्रत्येक तार व जमीन यांमधले इन्सुलेशन तपासतात. तांब्याचा रोध वीस अंश तापमानवाढीने जवळपास आठ टक्के वाढतो. खांबावरून गेलेली लाइन जानेवारीत जेमतेम उतरली असेल, तर मेमध्ये ती दगा देणारच; म्हणून मंजुरी देताना थोडी शिल्लक राखणे शहाणपणाचे.

दोन तारांचा समतोल मात्र अनेकदा दुर्लक्षिला जातो. दोन्ही सारख्या असतील तर बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच उमटतो आणि वजा होतो. एका तारेचा जॉइंट सैल झाला, की जोडी अँटेना बनते. हैदराबाद आकाशवाणीची ७३८ किलोहर्ट्झ ही मध्यम लहर तर नेमकी एडीएसएलच्या पट्ट्यात येते!

घरात टेलिफोन आणि मोडेम यांच्या वाटा स्प्लिटरने वेगळ्या कराव्यात. एखादा जादा फोन स्प्लिटरच्या आधीच जोडला, तर मागची सगळी मेहनत वाया.

शेवटी अर्थिंग. विजेचा किंवा वीजतारेच्या स्पर्शाचा झटका एमडीएफवरील संरक्षक नळीतून जमिनीत जावा लागतो. गोव्यात पावसाळ्यात जमिनीला ओल मुबलक असते. तिथला शत्रू म्हणजे जॉइंटमध्ये शिरणारे पाणी. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेले. तिथे हातभर माती खणली की बऱ्याच ठिकाणी खडक लागतो, आणि कोरडा खडक वीज सहजी पुढे जाऊ देत नाही. मग एकाऐवजी अनेक इलेक्ट्रोड अंतराने पुरून एकमेकांना जोडतात, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचे राहिले, तर पहिल्या वळवाच्या विजेत कार्डे जळण्याचा धोका असतो.