शेवट न पटलेला युधिष्ठिर

गोष्टीचा शेवट पाहून संतापलेला आपल्याकडचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे युधिष्ठिर. महाभारताच्या अठराव्या पर्वात तो स्वर्गात पोचतो आणि पाहतो तर दुर्योधन तेजाने झळाळत, मानाच्या आसनावर बसलेला. भाऊ कुठे दिसत नाहीत, द्रौपदी दिसत नाही, कर्ण दिसत नाही. युधिष्ठिर तोंड फिरवतो. जन्मभर राग गिळलेला हा माणूस देवांना बजावतो की मला तुमचा स्वर्ग नको, माझी माणसं असतील तिथे मला न्या. मग देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीने भरलेल्या वाटेने नेतो. तो परत फिरू लागतो तेव्हा काळोखातून आवाज येतात: थोडा थांब, तू जवळ आहेस म्हणून बरं वाटतंय. कोण आहात, असं विचारल्यावर एकेक नाव ऐकू येतं. कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. युधिष्ठिर देवांची आणि धर्माचीही निंदा करतो आणि ठरवतो, मी इथेच राहणार.

हे वाचताना दरवेळी मी थक्क होतो. एवढ्या प्रचंड कथेच्या टोकाला येऊन व्यासांनी तिच्या नायकालाच ‘हा शेवट मला मान्य नाही’ म्हणायला लावलं. ऐकणाऱ्याच्या मनात जे येणार, ते त्यांनी आधीच ओळखून कथेत घेऊन ठेवलं.

२० मे २०१९, सोमवार. त्या सकाळी भारतात ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा भाग दिसला. २०११ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे आठ पर्वांत मिळून ७३ भाग झाले. ड्रॅगन, बर्फापलीकडून चालत येणारी प्रेतं, लोखंडी सिंहासन. आणि शेवटी काय, तर गुलामांना मुक्त करणारी राणी शरण आलेलं शहर जाळते, तिच्यावर प्रेम करणारा तिला भोसकतो, ड्रॅगन सिंहासन वितळवतो आणि राजा होतो कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एक अपंग मुलगा. जगभर संताप उसळला. शेवटचं पर्व नव्याने लिहून काढा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आमच्या अचलपूर-परतवाड्याच्या बोलीत ती सगळी तक्रार एका वाक्यात मावते: ‘काहून मारलं बावा तिले?’

सह्या करणाऱ्यांची पुष्कळ थट्टा झाली. मला ते लोक फार जवळचे वाटतात.

माणसाच्या मनाची घडणच अशी आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल यांनी १९५६ मध्ये, टीव्ही अजून नवा होता तेव्हा, लिहून ठेवलं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी, तरीही खऱ्यासारखं नातं जडतं. शेवटच्या भागाबरोबर ते तुटतं. आणि शेवटाला मनात वजनही वाजवीपेक्षा जास्त मिळतं. डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, फक्त त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, यातलं पुन्हा काय कराल? बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला. त्याचा शेवट जरा सुसह्य होता, एवढंच कारण. एका अंशाने एवढा फरक पडतो, तर आठ वर्षं जीव लावलेल्या राणीच्या शेवटाने किती पडावा!

महाभारत टीव्हीवर आलं तेव्हा मात्र हा धक्का प्रेक्षकांना बसलाच नाही. बी. आर. चोप्रांची मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली आणि ९४ भागांनंतर २४ जून १९९० ला, भीष्मांच्या मृत्यूपाशी थांबली. यादवांचा नाश, पांडवांचं हिमालयाकडे जाणं, त्यांच्या मागोमाग चाललेला कुत्रा, स्वर्गातला दुर्योधन हे सगळं बाहेरच राहिलं. दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या त्या गोष्टीचा खरा शेवट कितीतरी घरांत पोचलाच नाही.

अचलपुरातल्या प्रेक्षकाला त्या मालिकेत आणखी एक गोष्ट दिसत होती. प्रवीणकुमारांचा भीम शरत सक्सेनांच्या कीचकाशी झुंजला, ती जागा आमच्या उत्तरेला दिसणाऱ्या गाविलगडच्या डोंगरात आहे, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. त्या डोंगरातलं वैराट म्हणजे विराटाची नगरी. भीमाने कीचकाला मारून चिखलदऱ्याच्या दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले. अभ्यासक विराटाचा मत्स्यदेश राजस्थानात, बैराटच्या बाजूला दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण डोंगराची ही कथा म्हणूनच मला जास्त मोलाची वाटते. ऐकलेली गोष्ट संपू द्यायची नाही म्हणून इथल्या लोकांनी ती आपल्या दऱ्याखोऱ्यांत आणून वसवली.

व्यासांच्या शेवटाकडे परत जाऊ. महाप्रस्थानिक पर्व फक्त तीन अध्यायांचं आणि स्वर्गारोहण पाच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, शेकडो हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यातही ती एवढीच आहेत. इतक्या थोडक्या जागेत प्रश्न किती! नरक म्हणजे क्षणभराचा देखावा होता, द्रोणांना अश्वत्थाम्याबद्दल फसवलंस म्हणून तुलाही फसवून दाखवला, असा इंद्र खुलासा करतो. त्यावर जनमेजय, म्हणजे ही कथा ऐकत बसलेला राजा, विचारतो: बाकीच्यांचं काय झालं? ते स्वर्गात किती काळ राहिले, पुढे कुठे गेले? मालिका संपल्यावर घराघरात निघणारा हाच प्रश्न. कथा सांगणारा वैशंपायन तो टाळत नाही. कर्ण सूर्यात मिसळला, भीष्म वसूंमध्ये, द्रोण बृहस्पतीत, असा एकेकाचा हिशेब देतो.

एक हिशेब मात्र मला कधीच पटला नाही. हिमालयाच्या वाटेवर सर्वांत आधी द्रौपदी कोसळते. युधिष्ठिर मागे वळून पाहतही नाही आणि कारण सांगतो की तिचा ओढा अर्जुनाकडे जास्त होता. चिखलदऱ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाने हे कसं मानावं? विराटाच्या घरी कीचकाने तिला भर सभेत लाथ मारली, तेव्हा अर्जुन त्याच नगरीत बृहन्नडा होऊन नृत्य शिकवत होता. ती रात्री उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने भीमाला जागं केलं. नर्तनशाळेतल्या अंधारात कीचकाचा चेंदामेंदा भीमानेच केला.

इरावती कर्वे यांनाही हे सलत असावं. ‘युगान्त’मधल्या द्रौपदीवरच्या लेखात त्यांनी, ही आपली कल्पना आहे हे न लपवता, तिच्या अखेरच्या घटका नव्याने लिहिल्या. त्यांची द्रौपदी पडते ती लगेच मरत नाही. भीम तिच्याजवळ येतो आणि आपल्यावर खरं प्रेम कुणी केलं ते तिला तेव्हा उमगतं. अर्जावर सही करण्यापेक्षा ही फार मोठी हिंमत आहे. गाळलेला भाग इरावतीबाईंनी स्वतःच लिहून दिला. आणि त्याला मूळ संहितेत धागाही आहे. द्रौपदी पडली तेव्हा बाकी भावांपैकी कुणी काही बोलल्याची नोंद नाही. ती का पडली, तिने तर कधी अधर्म केला नव्हता, असं विचारलं ते एकट्या भीमाने.